निवडुंगाची बोंडे : एका लपविलेल्या अन्नाची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा नेहमीचे विषय आमच्यापुढे उभे राहिले. ज्ञातीचे मूळ स्थान कोणते, कोणती घराणी कोणत्या स्वारीबरोबर या प्रांती आली, कुलदैवतांची माहात्म्ये, सनदा आणि वतनपत्रे. या विषयांवर आमच्याहून अधिकारी लेखकांनी मागील अंकांतून विपुल लिहिले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात घालविलेले. म्हणून आम्ही आमच्या आवाक्यातला, पण या पानांवर आजवर कधी न आलेला विषय घेतला आहे. तो म्हणजे निवडुंगाचे फळ.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर ज्ञातीतील एका घरी साखरपुडा होता. पंगतीनंतर फळांची तबके फिरली. त्यांत गुलाबी सालीचे, पांढऱ्या गराचे, तिळासारख्या काळ्या बिया असलेले एक फळ होते. घरातील एका पदवीधर मुलाने कौतुकाने सांगितले की, हे ड्रॅगन फ्रूट. हे एक प्रकारच्या निवडुंगाचे फळ असून आता सांगोला-आटपाडीकडे सिमेंटच्या खांबांवर त्याची शेती होते. कोपऱ्यात बसलेल्या एक वयोवृद्ध आजीबाई ते ऐकून चटकन म्हणाल्या, "म्हंजे फड्याची बोंडंच की ही! दुष्काळात आमच्या घरात..." एवढ्यात त्यांच्या चिरंजीवांनी "आई, तू सुपारी घे बरं" असे म्हणून त्यांना थांबविले आणि व्याह्यांशी पावसापाण्याचे बोलणे काढले. बाई गप्प बसल्या. त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. ते पुरे व्हावे असे आम्हांस तेव्हापासून वाटत आले आहे.

प्रथम निवडुंग म्हणजे कोणता, हे स्पष्ट केले पाहिजे. कारण मराठीत या एका नावाखाली दोन निराळी कुळे नांदतात. एक आपला मूळचा त्रिधारी निवडुंग. त्याचे कांडे मोडले की पांढरा चीक गळतो. तो एरंडाच्या कुळातला असून त्याचा चीक डोळ्यांस घातक. त्याचे फळ कोणी खात नाही. दुसरा फड्या निवडुंग. पंजाएवढी जाड हिरवी फडी एकीवर एक चढलेली, त्यांवर काटे, उन्हाळ्याच्या तोंडी पिवळी फुले आणि मागाहून फडीच्या कडेला ओळीने बसलेली तांबडी बोंडे. याला चीक नाही. मोडला तर बुळबुळीत पाणी निघते. आपण ज्याला पान समजतो ती फडी हे त्याचे खोड होय आणि पानांच्या जागी काटे आहेत. हा दुसरा निवडुंग परदेशी आहे. याचे सारे कूळ अमेरिका खंडातले. पुण्यास नाना पेठेत तुकोबारायांची पालखी मुक्कामास उतरते ते निवडुंग्या विठोबाचे देऊळ. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून ते नाव पडले, अशी आख्यायिका आहे. ती जाळी कोणत्या निवडुंगाची होती, या वादात आम्ही शिरत नाही.

ज्या देशात फड्या निवडुंग मूळचा, तेथे त्याची प्रतिष्ठा केवढी आहे हे पाहिले की मन थक्क होते. मेक्सिको देशाच्या ध्वजावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. आझ्टेक लोक वसतीसाठी भूमी शोधीत हिंडत असता, सरोवरातील खडकावर उगवलेल्या निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तेथे नगर वसवा, अशी त्यांच्या देवाची आज्ञा होती. त्याप्रमाणे सन १३२५ मध्ये त्यांनी तेनोच्तित्लान हे नगर वसविले, असे परंपरा सांगते. या नावात 'तेत्ल' म्हणजे खडक आणि 'नोच्त्ली' म्हणजे निवडुंगाचे बोंड असे दोन शब्द आहेत. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली ते नगर पाडले व त्याच जागी आजचे मेक्सिको शहर उभे राहिले. आपल्याकडे गावकुसाबाहेरचा उकिरडा ज्याने व्यापला, त्या झाडाच्या बोंडावरून एका साम्राज्याच्या राजधानीचे नाव पडले होते!

परंतु नगरांपेक्षा वाळवंटातील माणसांची कथा आम्हांस अधिक जवळची वाटते. ती कथा एका फसलेल्या स्पॅनिश मोहिमेमुळे लिहिली गेली. सन १५२७ मध्ये स्पेनहून निघालेली ही मोहीम पुढील वर्षी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरली. जी सुमारे तीनशे माणसे तेथून आत शिरली, त्यांपैकी अखेर चारच जिवंत उरली. त्यांत एक अल्वार नूनेझ काबेसा दे वाका नावाचा अधिकारी होता. या आडनावाचा अर्थ 'गाईचे मस्तक' असा होतो. दुसरे दोघे त्याचेच देशबांधव आणि चौथा मोरोक्कोतील एस्तेवानिको नावाचा गुलाम. जहाज फुटून हे लोक आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यास लागले आणि तेथील भटक्या जमातींच्या हाती सापडून वर्षानुवर्षे त्यांचे दास होऊन राहिले. सुटका होऊन स्वदेशी परतल्यावर काबेसा दे वाकाने जो वृत्तांत लिहिला तो १५४२ साली छापला गेला.

त्यात निवडुंगाच्या बोंडांचे वर्णन आले आहे. ती अंड्याएवढी असतात, तांबडी व काळसर असतात, चवीला चांगली लागतात आणि वर्षातील तीन महिने हे लोक दुसरे काहीही खात नाहीत, असे तो सांगतो. बोंडांचा हंगाम आला की दूरदूरच्या टोळ्या निवडुंगाच्या रानात येऊन उतरत. भांडी नसल्यामुळे जमिनीत खळगा करून त्यात बोंडांचा रस पिळीत आणि तो पीत. बोंडे उकलून अंजिरासारखी वाळवीत, टोपल्यांत भरून वाटेच्या शिदोरीला ठेवीत. साली वाळवून त्यांचीही पूड करीत. काहीच वाया जात नसे.

त्यातील एक गोष्ट वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. उपासमारीच्या दिवसांत, पोटात तीन-तीन दिवस अन्न नसता, ते लोक या परक्यांस धीर देत की, दुःखी होऊ नका; लवकरच बोंडे येतील, मग खूप खाऊ, रस पिऊ, पोटे मोठी होतील. आणि हे सांगितले जाई तेव्हा बोंडे पिकावयास अजून पाच-सहा महिने अवकाश असे! आमच्या माणदेशात "मृगाचा पाऊस लागला की सगळं नीट होईल" असे माघातच बोलू लागणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. भुकेची भाषा सगळीकडे सारखीच असावी.

या चौघांची सुटकाही बोंडांनीच केली. निरनिराळ्या टोळ्यांत वाटले गेल्यामुळे त्यांची गाठ पडत नसे. ती पडे फक्त बोंडांच्या हंगामात. पहिल्या खेपेस पळून जाण्याचा बेत त्या टोळ्यांत आपसात भांडण जुंपल्यामुळे फसला. मग पुन्हा बोंडे पिकेपर्यंत पुरे एक वर्ष त्यांनी वाट पाहिली आणि १५३४ च्या हंगामात ते निसटले. पायी चालत १५३६ साली ते मेक्सिकोतील आपल्या लोकांना येऊन मिळाले.

मेक्सिकोच्या पश्चिमेस कॅलिफोर्नियाचे जे रुक्ष द्वीपकल्प आहे, तेथे दुसऱ्या जातीच्या निवडुंगाचे 'पिताया' नावाचे फळ होते. येझुइट पंथाच्या धर्मोपदेशकांनी तेथे १६९७ सालापासून ठाणी घातली. त्यांपैकी याकोब बेगर्ट हा सतरा वर्षे तेथे राहून १७६८ साली इतरांबरोबर हद्दपार झाला व स्वदेशी जाऊन त्याने एक ग्रंथ लिहिला. पितायाच्या दिवसांत तेथील लोक धष्टपुष्ट होत, हे त्याने नोंदविले आहे. त्याबरोबरच त्यांच्या 'दुसऱ्या सुगी'विषयीही लिहिले आहे. हंगामात खाल्लेल्या फळांच्या बिया पचत नसत. त्या वाळलेल्या मळातून वेचून, भाजून, दळून टंचाईच्या दिवसांत पुन्हा खाल्ल्या जात. हे लिहिताना आमचीही लेखणी अडखळते आणि कित्येक वाचक नाक मुरडतील हे आम्ही जाणतो. बेगर्टनेही किळसेनेच ते लिहिले. पण त्या उजाड भूमीत हंगाम सरल्यावर त्या माणसांनी दुसरे काय करावयास हवे होते, याचे उत्तर त्याच्या ग्रंथात आम्हांस मिळाले नाही.

आता ज्या लोकांनी हे फळ उजळ माथ्याने खाल्ले व आजही खातात, त्यांच्याकडे वळू. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांत आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा सोनोरा प्रांत मिळून सोनोराचे वाळवंट होते. तेथे सग्वारो नावाचा निवडुंग खांबासारखा सरळ वाढतो. चाळीस-पन्नास फूट उंची, दीडशे-दोनशे वर्षांचे आयुष्य. पहिले फूल यायलाच सुमारे पस्तीस वर्षे लागतात आणि बाजूचे हात फुटण्यास त्याहून अधिक. आजोबाने पाहिलेले रोप नातवाच्या हयातीत फळास येते. फुले पांढरी, रात्री उमलणारी. वटवाघळे व पारवे त्यांवर येतात. ऐन उन्हाळ्यात, जून महिन्याच्या मध्यापासून, शेंड्यावरची फळे पिकून उकलतात. आतला गर लालभडक असतो आणि एकेका फळात दोन-दोन हजार बारीक काळ्या बिया असतात.

तेथील रहिवाशांस तोहोनो ओओधाम, म्हणजे 'वाळवंटातली माणसे', असे म्हणतात. स्पॅनिश लोकांनी मात्र त्यांना 'पापागो' हे नाव दिले. एका प्रकारच्या रानघेवड्याचे दाणे खाणारे, असा त्याचा अर्थ सांगतात. काय खातात यावरून ठेवलेले ते नाव त्यांच्या सरकारी कागदपत्रांवर कितीतरी वर्षे राहिले. शेवटी १९८६ साली त्यांनी ते अधिकृतपणे टाकून आपले स्वतःचे नाव घेतले. या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

फळांच्या दिवसांत ही कुटुंबे सग्वारोच्या रानात जाऊन उतरत. मेलेल्या सग्वारोच्या आतल्या लांबच लांब फासळ्या एकमेकींस बांधून, टोकाशी आडवी काडी बसवून ते आकडी करतात. आपल्याकडे चिंचा-आंबे उतरविण्याची असते तशीच, फक्त पुष्कळ लांब. झाडाच्याच हाडांनी झाडाचे फळ उतरवावयाचे! फळाच्या टोकास वाळलेल्या फुलाचा कठीण भाग राहतो. त्याच्याच धारेने फळ चिरतात आणि अंगठ्याने गर काढून घेतात. गर पाण्यात भिजवून, गाळून, चुलीवर तासन् तास आटविला म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट पाक होतो. बियांचे पीठ करतात. रिकामी टरफले मात्र फेकून देत नाहीत. तांबडी बाजू आकाशाकडे करून ती झाडाच्या पायथ्याशी ठेवतात. कारण ती पाहून पाऊस येतो अशी त्यांची श्रद्धा आहे. पाकापासून सौम्य मद्य करून, सर्वांनी मिळून ते पिऊन, पावसास बोलाविण्याचा विधीही ते करतात. त्यांचे नवे वर्ष या सुगीपासून सुरू होते. रूथ अंडरहिल या विदुषीने मारिया चोना नावाच्या त्या समाजातील वृद्ध स्त्रीच्या तोंडून तिचे आत्मवृत्त ऐकून ते १९३६ साली प्रसिद्ध केले, त्यात या जीवनाचे दर्शन घडते. ज्या रानात ही सुगी होते त्याच्या काही भागास १९३३ साली सरकारी संरक्षण मिळाले व १९९४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही त्या उद्यानात फळे काढण्याची मुभा या लोकांस आहे. आपल्याकडील वनखात्याचा आमचा अनुभव वेगळा आहे. पण ते असो.

हे झाड आपल्या देशात कसे आले? युरोपियनांच्या जहाजांतून आले हे निश्चित; आणि ते पसरण्यास हातभार लावला तो एका रंगाने. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर पांढऱ्या कापसासारखे आवरण घेऊन बसणारा एक बारीक कीटक असतो. तो वाळवून कुटला की किरमिजी रंग निघतो. एक पौंड रंगासाठी सुमारे सत्तर हजार कीटक लागत. हा व्यापार सर्वस्वी स्पेनच्या हातात होता. तो आपल्याकडे खेचावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात निवडुंग लावण्याचा खटाटोप केला. मद्रास येथील कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी तर त्याची बागच केली होती. सन १७९५ मध्ये ब्राझीलहून कलकत्त्यास कीटक आणले. पण ते हलक्या जातीचे निघाले. रंग तर मिळाला नाहीच, उलट त्या कीटकांनी एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. रंगासाठी कीटक आणावा आणि त्याने बागच खावी, असा हा व्यवहार! निवडुंगाच्या ज्या इतर जातींस तो कीटक शिवला नाही, त्या मात्र दक्षिणेत बेसुमार वाढल्या.

दख्खनच्या कोरड्या भूमीत त्यांना अडविणारे कोणी नव्हते. मोडून पडलेली एक फडी जेथे पडेल तेथे मूळ धरी. गुरे शिरू नयेत म्हणून लोकांनी कुंपणाला लावला, पाखरांनी बिया पसरविल्या आणि पाहता पाहता गावठाणे, ओढे, गायराने त्याने वेढली. सापविंचवांचे आणि घाणीचे ते आश्रयस्थान झाले. तो तोडण्यासाठी सरकारने पैसा खर्च केला. पण तोडलेल्या फड्या पुन्हा फुटत.

अशा वेळी १८७६ सालचा पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हे जिल्हे होरपळले. याच दुष्काळात हाती घेतलेला राजेवाडीचा तलाव आमच्या माणदेशात आजही आहे. दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी रोजच्या एक पौंड धान्यावर आणून ठेवली. त्याविरुद्ध हजारो मजूर काम सोडून निघाले व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. हे सारे इतिहासात आहे. पण काम सोडून निघालेल्या माणसांनी त्या संध्याकाळी काय खाल्ले, हे शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी शिकविले नाही, कारण ते त्यात नव्हतेच.

ते आम्हांस आमच्या आजीकडून कळले. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या पणजी, त्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी दोन भावंडे त्या वर्षी गेली. उरलेली बोंडांवर जगली. पहाटे वारा सुटण्यापूर्वी घरातील बायका व मुले विळा आणि पाटी घेऊन ओढ्याला जात. कारण वारा सुटला की बोंडांवरची कुसळे उडून डोळ्यांत जातात. सुरुवातीस गावालगतची बोंडे मिळाली. पुढे एकेका पाटीसाठी दोन-दोन कोस चालावे लागे. फड्या भाजून, काटे जाळून गुरांना घालीत. माणसांनी बोंडे खाल्ली. नुसती बोंडे पुष्कळ खाल्ली तर बियांनी पोट गच्च बांधते आणि जीव जाण्याची वेळ येते, हे शहाणपणही त्या वर्षीच आले व ते एका भावंडाच्या मोलाने आले, असे पणजी सांगत.

निवडुंगाचा शेवट पुढे पन्नास वर्षांनी झाला. त्या पहिल्या कीटकाचाच भाऊबंद, पण याही निवडुंगास खाणारा, असा दुसरा कीटक १९२६ साली सिलोनहून मद्रास प्रांतात आणला गेला. पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील सुमारे ४०,००० हेक्टर जमीन निवडुंगमुक्त झाली. पुढे दख्खनही मोकळे झाले. आजी सांगे की, फड्यांवर पांढरी लोकर दिसू लागली तेव्हा गावातल्या बायका "फड्याला देवी आल्या" असे म्हणत. बघता बघता हिरव्या फड्या पिवळ्या पडून गळाल्या आणि जेथून जाता येत नव्हते तेथे वाट झाली. ऑस्ट्रेलियात असाच निवडुंग एका पतंगाच्या अळीने संपविला. तेथे क्वीन्सलंडमधील बूनार्गा गावी लोकांनी १९३६ साली त्या किड्याच्या स्मरणार्थ सभागृह बांधले. आपल्या किड्याचे स्मारक नाही आणि ज्या बोंडांनी माणसे जगविली त्यांचेही नाही.

आम्ही बोंड प्रथम खाल्ले ते १९७३ सालच्या शिमग्याच्या सुमारास. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आई-वडील खडी फोडावयास जात. शाळेत सुकडी मिळे आणि घरी परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरी होत. गावाच्या पडक्या वेशीवर निवडुंगाचे एकच बेट उरले होते. पंचाहत्तरीची आजी एके सकाळी आम्हांस तेथे घेऊन गेली. आम्ही उत्साहाने हात पुढे केला, तोच तिने मनगटावर फटका दिला. "हातानं न्हाय धरायचं, पोरा! चिमट्यानं धर. काटा दिसतो, कुसळ दिसत न्हाय. बोटात गेलं तर आठ दिस रडशील."

तिने सात-आठ बोंडे चिमट्याने पिरगाळून काढली. मोठी, गडद, दाबल्यास किंचित मऊ लागणारीच घेतली, हिरवट ठेवली. मग ती वाळूत टाकून पायातल्या वहाणेने चांगली घोळली, गोणपाटाने चोळली आणि घरी आणून चुलीतल्या फुफाट्यात क्षणभर फिरविली. कुसळे चुर्र करून जळाली. दोन्ही टोके कापून उभी चीर दिली की साल सदऱ्यासारखी उतरते. आतला गर जांभळट लाल, इतका गडद की आजीच्या सुरकुतलेल्या हातांस मेंदी लावल्यासारखे झाले. चव गोड, किंचित आंबूस आणि मुख्य म्हणजे गार. त्या उन्हाळ्यात गार असे दुसरे काही आमच्या तोंडात गेले नव्हते. बिया खड्यासारख्या कठीण. त्या चावावयाच्या नाहीत, चोखून थुंकावयाच्या. "तीनच खा," आजी म्हणाली. "आन् उद्या सकाळी लघवी तांबडी झाली तर भिऊ नगंस." तशी ती झाली व आम्ही भ्यालोच!

त्या दिवशी तिने दुसरीही गोष्ट सांगितली. आमची पणजी लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा आमच्या घरी पेवात धान्य होते. दुष्काळात ज्यांना बोंडे खावी लागली ते हलके, अशी समजूत होती. सासरी काही चुकले की तिला "बोंडखाऊंची लेक" म्हणून हाक मारीत. मरेपर्यंत तिने ते ऐकले. "आत्याबाईंनी मला चोरून शिकवलं, बोंडं कशी सोलायची ते," आजी म्हणाली. "म्हणाल्या, ह्या घरात कुणाला येत न्हाय. कवा येळ येईल सांगता येत न्हाय."

तेव्हा टोमणा मारणारे घर आमचेच होते, हे येथे स्पष्ट लिहितो. आणि याहून अवघड गोष्ट लिहावयाची आहे. काही वर्षांपूर्वी ज्ञातीचा कुलवृत्तांत तयार होत होता, तेव्हा आमच्या घराण्याची टिपणे आम्हीच केली. त्यांत पाटीलकीचा उल्लेख आहे, पंढरीच्या वारीचा आहे, घरातील पहिल्या मॅट्रिक झालेल्या माणसाचाही आहे. पणजीच्या माहेरची हकीकत आम्ही लिहिली होती व मजकूर पाठविण्यापूर्वी स्वतःच्या हाताने खोडली. घरात तेव्हा मुलीच्या लग्नाचे बोलणे चालू होते. इतिहास शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसाने हे केले. साखरपुड्यातील त्या चिरंजीवांस नावे ठेवण्याचा अधिकार म्हणूनच आम्हांस नाही. पापागो हे नाव टाकून देणाऱ्या त्या वाळवंटातल्या लोकांनी नाव टाकले. फळ टाकले नाही. आम्ही फळ टाकले आणि नाव ठेवण्याची खोड तेवढी राखली.

इकडे काळ कसा उलटा फिरतो पाहा. त्याच कुळातल्या ड्रॅगन फ्रूटला गुजरात सरकारने २०२१ साली 'कमलम्' असे सोवळे नाव दिले. बारामतीजवळ माळेगाव येथील केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत त्याच्या लागवडीचे प्रयोग झाले आहेत. सौराष्ट्रात तर आपल्याच फड्याच्या बोंडांना फिंडला म्हणतात व त्यांचे लाल सरबत औषधी म्हणून विकले जाते. आमचा नातू ते बाटलीतून पितो आणि आम्ही त्याला वेशीवरच्या बेटाची गोष्ट सांगतो, तेव्हा त्याला ती खरी वाटत नाही.

पणजीच्या माहेरच्या हकीकतीचा खोडलेला मजकूर आम्ही पुन्हा लिहून काढला असून कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीसाठी तो चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. ज्ञातीतील ज्या घरांत अजून ऐंशी-नव्वदीच्या आजीबाई आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. १८७६ च्या, १९७२ च्या किंवा मधल्या कोणत्याही टंचाईच्या सालात घरात काय शिजले, बोंडे, कोणता पाला, कोणते कंद, कोणाचे उसने, जे आठवत असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून मंडळाच्या कार्यालयाकडे दिवाळीपूर्वी पाठवावे. घराण्याचे नाव छापू नये अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी तसे कळवावे. ते छापले जाणार नाही. आमचे मात्र छापावे.